घरच्या द्राक्षवेलीला घड का लागत नाहीत?

ऐन श्रावणात आलेला प्रश्न असा आहे: पुण्यात बंगल्याच्या अंगणात थॉमसन सीडलेसचं रोप लावून तीन वर्षं झाली. वेल वरच्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत चढली, गाडीवरचा मांडव पानांनी गच्च भरला, पण घड एकही नाही. शेणखत दिलं, गांडूळखत दिलं, मधूनमधून मूठभर युरियाही टाकला. पावसाळ्यात पानांवर डाग पडतात आणि पानं गळतात. आता कोणतं खत द्यावं? आणि याच वेलीची काडी रत्नागिरीला बहिणीकडे लावली तर जगेल का?

खताचं आधी सांगतो. सध्या कोणतंच देऊ नका, आणि युरिया तर या वेलीजवळ नेऊच नका. तुमची वेल उपाशी नाही, ती माजली आहे. मी निफाड तालुक्यातला बागायतदार. घरगुती वेलींबद्दल लोक विचारतात तेव्हा दहातल्या आठ-नऊ वेळा दुखणं हेच निघतं: पाणी आणि नत्र भरपूर, ऊन कमी, आणि एप्रिलमध्ये कात्री लावलेलीच नाही.

द्राक्ष मूळचं थंड हिवाळ्याच्या मुलखातलं. तिथं थंडीत पानगळ होते, वेल झोपी जाते, वसंतात पुन्हा फुटते. त्यामुळे तिथल्या माळ्याला वर्षाला एकच छाटणी पुरते. आपल्याकडे वेल झोपतच नाही; पाणी मिळालं की बारा महिने फुटत राहते. म्हणून महाराष्ट्रात दोन छाटण्या आणि एक पीक अशी पद्धत बसली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काड्या बुडाशी कापून वेल बोडकी करणं; ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची. नाशिक, तासगाव, सोलापूर, नारायणगाव, कुठेही जा, बाग याच दोन तारखांवर चालते. घरी वेल लावणाऱ्यांना गोडी छाटणी ऐकून तरी माहीत असते. खरड छाटणी मात्र जवळपास कोणीच करत नाही. वाढलेली हिरवीगार वेल भर उन्हाळ्यात बोडकी करायची हे मनाला पटत नाही. पण फेब्रुवारीत खायचा घड तयार होतो तो त्याच उन्हाळ्यात.

कसा, ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं सगळं आपोआप उलगडेल. काडीवर प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. एक जाड, पिकलेली काडी घ्या, दाढीच्या पात्याने डोळा मधोमध उभा कापा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. आत एक नव्हे, तीन कोंब दिसतील: मधला मोठा आणि त्याच्या बाजूला दोन लहान. निरोगी डोळ्यात ते पोपटी हिरवे दिसतात, मेलेल्या डोळ्यात मधला कोंब तपकिरी किंवा काळा पडलेला असतो. त्या मधल्या कोंबाच्या पोटातच पुढच्या हंगामाचा घड अगदी सूक्ष्म रूपात बसलेला असतो. तो मात्र भिंगाने दिसत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून तर बागायतदार ऑक्टोबरच्या छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन तपासून घेतात आणि कितव्या डोळ्यावर छाटायचं ते ठरवतात.

हा सूक्ष्मघड तयार होतो खरड छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या ते सत्तराव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे मे अखेर ते जून. त्या दिवसांत डोळ्याच्या आत एक गाठ तयार होते आणि तिला दोन वाटा असतात: घड व्हायचं की ताणा, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू. काडीवर ऊन पडत असेल, वाढ बेताची असेल, वेलीजवळ अन्नसाठा असेल, तर घड होतो. काडी सावलीत असेल आणि शेंडा सुसाट धावत असेल, तर ताणा होतो. घड आणि ताणा मुळात एकाच जातीचे अवयव आहेत, दोन्ही पानाच्या समोरच्या बाजूला येतात. ताण्यावरच दोन-चार मणी लागलेले कधीतरी तुम्हालाही दिसतील, ते यामुळेच. तुमच्या मांडवावर तीन वर्षं हेच चाललं आहे. जुन्या काड्यांवर नव्या काड्या, पानांवर पानं, आतल्या डोळ्यांना उन्हाचा कवडसासुद्धा नाही. त्यांनी मुकाट्याने ताणे बनवले.

आता या वर्षीचं बोलू. श्रावणात मोठी छाटणी करू नका. आत्ता काड्या कापल्या तर ऑक्टोबरसाठी राखायचे डोळे पावसातच फुटतील आणि ती कोवळी फूट केवडा हा बुरशीचा रोग खाऊन टाकेल. आत्ता फक्त मोकळीक करा. पानांच्या बगलेतून निघालेल्या बारीक फुटी बोटांनी खुडून टाका, लोंबणारे शेंडे मारा, एकमेकांवर चढलेल्या काड्या सोडवून बाजूला बांधा. भरदुपारी मांडवाखाली उभं राहा. जमिनीवर ऊन-सावलीची जाळी दिसली पाहिजे. सलग काळोखी सावली असेल तर अजून काढायचं बाकी आहे.

डाग कशाचे आहेत तेही बघा. पानाच्या वर पिवळसर, तेलकट डाग आणि बरोबर त्याच्या खाली पांढरी कापसासारखी बुरशी असेल तर तो केवडा, म्हणजे डाऊनी. बारीक काळपट ठिपके पडून मधला भाग गळून पानाला भोकं पडत असतील तर करपा. पावसाळ्यात दोन्हींवर घरच्या घरी करण्यासारखं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. पाच लिटरला 50 ग्रॅम मोरचूद आणि 50 ग्रॅम चांगला कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत विरघळवा, धातूचं भांडं नको. चुना गार होऊ द्या, गाळून घ्या आणि मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळा, उलट नको. सुंदर आकाशी रंग येतो. त्यात स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, आणखी थोडा चुना घाला. तसंच फवारलंत तर पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवायचं. कोवळ्या फुटीवर फवारायचं झालं तर मोरचूद आणि चुना दोन्ही निम्मे घ्या.

पानं जपायची ती यासाठी की ऑक्टोबरपर्यंत काडीत साठा भरतात ती तीच. काडी पिकली की नाही हे ओळखणं सोपं आहे. बाहेरून ती हिरवी सोडून तपकिरी होते, वाकवली तर कडक लागते, आणि आडवी कापली तर मधला गाभा तपकिरी व बारीक दिसतो. गाभा पांढरा, पोकळ आणि रुंद असेल तर ती काडी कच्ची, तिच्यावर भरवसा ठेवू नका.

या ऑक्टोबरात तुमच्या वेलीवर घड येतील तर ते मांडवाच्या कडेला, उन्हात वाढलेल्या काड्यांवर. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पिकलेल्या अशा काही काड्या निवडा आणि आठ-दहा डोळे ठेवून लांब छाटा. चार घड मिळाले तरी समाधान माना. तुमचं खरं वर्ष येत्या एप्रिलला सुरू होणार आहे.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कात्रीला धार लावून घ्या. एकच सरळ, निरोगी खोड ठेवा. मांडवाच्या उंचीवर, साधारण पाच-सहा फुटांवर, त्या खोडातून दोन बाजूंना दोन हात ठेवा. त्यांना आम्ही ओलांडे म्हणतो. बाकी सगळा गुंता काढून टाका. ओलांड्यांवरची प्रत्येक काडी बुडाशी एक डोळा ठेवून छाटा. कापल्या जागेतून पाणी ठिबकेल. घाबरू नका, वेल त्याने मरत नाही, काही दिवसांत ते आपोआप थांबतं.

ओलांडे सरळ आणि भरलेले नसतील तर ते नव्याने करावे लागतील. इथे घाई अंगाशी येते. नवी फूट एका दमात दहा फूट धावू दिली तर मधले डोळे आंधळे राहतात आणि पुढे ओलांड्यावर कायमची मोकळी जागा पडते. म्हणून आठ-नऊ पानं झाली की शेंडा मारा, फूट थांबू द्या, बगलफूट निघाली की तीच पुढे चालवा. असं थांबत थांबत गेलं की ओलांडा बुडापासून टोकापर्यंत जिवंत डोळ्यांचा होतो. यात एक वर्ष जातं. ते जाऊ द्या, त्या बदल्यात पुढची पंधरा वर्षं वेल ताब्यात राहते.

पुण्यात एप्रिलचं ऊन चांगलंच असतं, नाशिक-सोलापूरकडे तर पारा चाळिशी ओलांडतो. इतक्या उन्हात डोळे मागेपुढे फुटतात. सकाळ-संध्याकाळ ओलांड्यांवर पाण्याचा फवारा मारा, त्याने फूट एकसारखी येते. फुटी चार-पाच पानांच्या झाल्या की विरळणी करा. ओलांड्यावर चार-चार बोटांच्या अंतराने एक काडी राखा, बाकीच्या काढा. इथेच हात आखडतो. प्रत्येक फूट ठेवावीशी वाटते, आणि जूनमध्ये पुन्हा तीच दाट सावली तयार होते.

राखलेल्या काडीला नऊ-दहा पानं झाली की सात पानांवर शेंडा खुडा. वरच्या डोळ्यातून नवी फूट निघेल, ती सबकेन. ती पाच पानांवर पुन्हा खुडा, आणि एकूण पंधरा-सोळा पानं झाली की वाढ बंद ठेवा. शेंडा थांबला की त्याखालच्या डोळ्यांकडे अन्न वळतं आणि जिथे खुडलं त्या गाठीच्या आसपास सगळ्यात फळाळ डोळे तयार होतात. या काळात पाणी बेताचं, नत्र बंद. स्फुरद-पालाशसाठी 0:52:34 हे विद्राव्य खत लिटरला 2 ते 3 ग्रॅम घेऊन आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा पानांवर फवारलं तरी पुरे. केळीच्या सालींच्या पाण्याने वेलीचं काही वाईट होणार नाही, पण त्यावर विसंबून राहू नका.

गोडी छाटणी घरच्या बागेत उशिरा करा. बाजार लवकर गाठायला काही शेतकरी सप्टेंबरमध्येच छाटतात आणि परतीच्या पावसात डाऊनीशी झुंजतात. त्यांना भाव मिळवायचा असतो, तुम्हाला तशी गरज नाही. पाऊस नक्की गेला असं दिसलं की छाटा, म्हणजे साधारण ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. त्याहून उशीर केला तर थंडीने फूट अडते. छाटणीआधी दोन आठवडे पाणी कमी करा, आठवडाभर आधी हाताने पानं काढून टाका. मग सबकेनच्या गाठीपुढे एक-दोन डोळे ठेवून काप घ्या. काडी सरळ असेल, गाठ नसेल, तर थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश या कुळाला सहा ते आठ डोळे ठेवावे लागतात. शरद सीडलेसची काडी त्याहून आखूड छाटली तरी घड देते.

डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागांमध्ये छाटणीनंतर डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचा लेप लावतात, म्हणजे पेस्टिंग करतात. घरी ते कृपा करून करू नका. ते अंगावर उडालं तर कातडी भाजते, आणि काम केल्याच्या आगेमागे दारू पोटात गेली तर जिवावर बेततं. लहान मुलं फिरतात त्या अंगणात असली बाटली असूच नये. त्याऐवजी काडी हलकेच कमानीसारखी वाकवून बांधा. सरळ काडीत टोकाचेच दोन डोळे आधी पळतात, वाकवल्याने मधल्यांनाही संधी मिळते. नाहीतरी घरच्या वेलीला सगळे डोळे फुटायची गरज नसते, टोकाकडचे फळाळ डोळे फुटले की भागतं.

पोंगा, म्हणजे फुगलेला डोळा, फुटला, पानं उलगडली की पंधरा-वीस दिवसांत चौथ्या-पाचव्या पानासमोर हिरवा, दाणेदार घड दिसू लागतो. या दिवसांत ढगाळ हवा टिकली तर अशक्त घड लांबतो, बारीक होतो आणि डोळ्यांदेखत ताणा बनतो. यालाच घड जिरणं म्हणतात. तेव्हा बिनघडाच्या फुटी काढून उरलेल्यांना मोकळी हवा द्या. नवी फूट ते फुलोरा हाच डाऊनीचा खरा धोक्याचा काळ, रोज सकाळी पानं उलटून पाहा. थंडी वाढली की भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी बुरशी, येते. तिच्यावर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, तेही सकाळच्या गारव्यात.

पहिल्या पिकाला दहा-बारा घडांपेक्षा जास्त ठेवू नका, एका काडीला एकच. मणी बाजरीएवढे झाले की घडाचं खालचं टोक कापा आणि आतले काही मणी बारीक कात्रीने काढा. मणी बाजारातल्यासारखे लांबट, टपोरे होणार नाहीत, कारण तो आकार जिब्रेलिक आम्ल या वाढीच्या संप्रेरकात घड बुडवून आणलेला असतो. थॉमसनचा मूळ मणी लहानच. पण वेलीवर पुरतं पिकलेलं ते लहान फळ खाल तेव्हा टपोऱ्या मण्याची आठवण येणार नाही याची मला खात्री आहे. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे ते मऊ आणि पारदर्शक व्हायला लागले, की सिंचन कमी करा आणि घडांना कागदी किंवा मलमलीच्या पिशव्या घाला. बुलबुल तुमच्याआधी चव बघतो. तोडायच्या आधी घडाच्या अगदी खालच्या टोकाचा मणी खाऊन पाहा, तो सगळ्यात शेवटी पिकतो. तो गोड असेल तर घड तयार. द्राक्ष तोडल्यावर आंब्यासारखं पिकत नाही, आंबट तोडलं तर आंबटच राहतं.

नवीन रोप आणणार असाल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. रोपवाटिकेत मिळतं ते बहुधा डॉगरीज खुंटावरचं, म्हणजे त्या जातीच्या मुळांवर बांधलेलं, कलम असतं. हा खुंट बागायतदारांनी आणला तो पाण्याची टंचाई आणि क्षारपड जमिनीसाठी, आणि तो फार जोमदार आहे. अंगणातली पोयटा माती आणि रोजचं गोडं पाणी मिळाल्यावर तो आवरत नाही. घरासाठी मला स्वतःच्या मुळांवरची वेल बरी वाटते. ऑक्टोबरच्या छाटणीतली चार डोळ्यांची, पेन्सिलीएवढी काडी दोन डोळे मातीत ठेवून लावली तर मुळं धरते. आणि फवारण्यांचा कंटाळा असेल तर थॉमसनचा हट्ट सोडा, बंगळूर ब्ल्यू लावा. बिया असतात, साल जाड, वास उग्र, पण रोगाला बरीच चिवट. रस आवडणाऱ्यांसाठी पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेचा एआरआय-516 हा संकर आहे, तोही बुरशीजन्य रोगांना दाद देत नाही. वाण कोणताही असो, दिवसाला सहा-सात तास थेट ऊन नसेल तिथे द्राक्ष लावू नका.

रत्नागिरीला बहिणीकडे काडी पाठवू नका. काडी रुजेल, पानंही येतील, पण चार महिन्यांचा तो पाऊस आणि बाकी वर्षभराची दमट हवा यांत थॉमसनचं पीक हाती लागणं अवघड, आणि त्यासाठी त्यांना सतत औषधं मारावी लागतील. त्यांच्यासाठी पॅशन फ्रूट बघा, पिवळ्या सालीचं. जांभळं थंड, उंचावरच्या हवेत खुलतं. कृष्णकमळाच्याच कुळातली ही वेल. हिचं गणित द्राक्षाच्या नेमकं उलट आहे: फूल त्याच हंगामाच्या नव्या फुटीवर येतं, डोळ्यात महिनोन्‌महिने आधी काही शिजत नाही. म्हणून फळं संपली की जुन्या फांद्या छाटून नवी फूट घ्यायची, इतकंच.

पण एकच वेल लावून भागणार नाही. पिवळ्या जातीला स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून बियांपासून केलेल्या दोन-तीन वेगवेगळ्या वेली हव्यात. एकाच वेलीच्या दोन काड्या लावल्या तर त्या एकच धरल्या जातात. फूल दुपारी बाराच्या सुमारास उमलतं आणि रात्री मिटतं. मोठे काळे भुंगे येत असतील तर काळजी नको. नसतील तर दुपारी मऊ कुंचल्याने एका वेलीच्या फुलातला पिवळा पराग दुसऱ्या वेलीच्या फुलात वर पसरलेल्या तीन टोकांना लावायचा. जांभ्या मातीत खड्डा मोठा घ्यायला सांगा, पाणी बुंध्याशी साचू देऊ नका. आणि फळ वेलीवरून तोडायचं नाही. ते पिकलं की स्वतःहून खाली पडतं, रोज सकाळी वेचून आणायचं.